स्मरणचित्राची सुरुवात रंगापासून

चित्रकला नव्याने हाती घेतलेल्या माणसाला ब्रश कसा धरावा, वॉश म्हणजे पातळ रंगाचा सलग थर कसा द्यावा, कागद फळीवर ताणून कसा बसवावा हे शिकवणारे पुष्कळ जण भेटतात. पण सगळी तयारी होऊन कोरा कागद समोर आला की ‘आता काढायचे काय?’ या प्रश्नापाशी हात थांबतो आणि त्याचे उत्तर सहसा कोणी देत नाही. मग फोनमधला एखादा फोटो समोर ठेवला जातो, चित्र बरे उतरते, घरातले कौतुकही करतात, आणि तरीही ते आपले वाटत नाही. रंग, आठवण आणि भावना यांतून चित्राचा विषय कसा सापडतो, हे मी माझ्या आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या अनुभवावरून येथे क्रमाने सांगणार आहे. माझे म्हणणे असे की, आठवणीतले चित्र काढायचे असेल तर प्रसंगाला नंतर हात घालावा आणि रंगाला आधी. प्रसंग आपण घरीदारी इतक्या वेळा सांगितलेला असतो की त्याची ठरीव गोष्ट होऊन गेलेली असते. त्या प्रसंगातला रंग मात्र कोणी विचारलेला नसतो आणि आपण कोणाला सांगितलेला नसतो, म्हणून तो ताजा राहतो.

महाराष्ट्रात शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ हा शब्द परिचयाचा आहे. आम्ही त्याची तयारी करताना काही आकृत्या पाठ करून ठेवत असू: डोक्यावर हंडा घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, टोपलीपुढे बसलेली भाजीवाली, मागे दोन झाडे आणि एक कौलारू घर. विषय बाजाराचा येवो की पाणवठ्याचा, हीच माणसे जागा बदलून उभी राहत. त्या सरावाने मनुष्याकृती भराभर काढण्याचा हात बसला, आणि त्याचा उपयोग मला आजही होतो. परंतु त्यात स्मरण हाताचे होते, डोळ्यांचे त्यात फारसे काही नव्हते. पुढच्या पायऱ्या चढण्यापूर्वी ती पाठ केलेली माणसे काही महिने बाजूला ठेवावीत, अशी माझी विनंती आहे.

साहित्य

साहित्य थोडेच लागते. जाड कागदाची हातात मावणारी एक वही, मोठ्या चित्रासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद, एक जाड आणि एक बारीक गोल ब्रश, आणि सात ट्यूब: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. काळ्या रंगाची ट्यूब सुरुवातीला घेऊ नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की जवळजवळ काळा रंग तयार होतो, आणि तो मिसळलेला असल्यामुळे तुम्हाला हवा तसा निळसर किंवा तपकिरी कलता ठेवता येतो. आठवणीतला अंधार कधीच ट्यूबमधल्या काळ्यासारखा नसतो. तो कशाच्या तरी बाजूला झुकलेला असतो, आणि ते झुकणे पकडण्यासाठीच आपण बसलो आहोत.

पायरी पहिली: रंगांची वही

पहिले तीस दिवस एकही चित्र काढायचे नाही. रोज दिवसभरात डोळ्यांत राहिलेले तीन रंग वहीत उतरवायचे, प्रत्येकाचा चौकोन साधारण दोन सेंटिमीटरचा. वस्तू काढायची नाही, तिची बाह्यरेषाही नाही. फक्त रंग, आणि त्याखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते रंग किती मिसळले याची नोंद. चौकोन वाळू द्यावा आणि मग पुन्हा पाहावा, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो आणि ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर खोटा वाटू लागतो. तो चुकला असे दिसले तर खोडू नये; शेजारी दुसरा चौकोन करावा. या दोन चौकोनांमधले अंतर हेच आपले शिक्षण असते.

रंग टिपण्यासाठी फोनचा आधार घेऊ नये. फोनचा कॅमेरा प्रकाशाचा कल आपोआप दुरुस्त करतो. दिवेलागणीचा पिवळा उजेड तो थोडा पांढरा करतो आणि पावसाळी दुपारची निळी छाया तो थोडी उबदार करतो. म्हणजे ज्या गोष्टीने आपण थबकलो, नेमकी तीच तो पुसून टाकतो. त्यापेक्षा कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने चार शब्द लिहून घ्यावेत. पिएर बोनार हा फ्रेंच चित्रकार खिशातल्या रोजनिशीत पेन्सिलीने त्या दिवसाचे हवामान, छोटेसे रेखाटन आणि रंगांविषयी दोन शब्द टिपून ठेवत असे, आणि आपली उजेडाने भरलेली चित्रे घरी बसून, आठवणीवर आणि या टिपणांवर विसंबून रंगवत असे. आपल्याकडे प्रभाकर बरवे यांनीही वर्षानुवर्षे डायऱ्या लिहिल्या आणि चित्राविषयीचा आपला विचार त्यांत घडवला. वही ही चित्रकाराची साठवणीची कोठी आहे. जे तिच्यात गेले नाही ते गरजेच्या वेळी हाताला लागत नाही.

या कामात मराठीची मोठी मदत होते. आपल्याकडे रंगांची नावे वस्तूंवरून पडली आहेत: अबोली, डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, मोरपंखी, शेवाळी, मोतिया, वांगी, राखी. साडीच्या दुकानात आई-मावशी ज्या नेमकेपणाने ‘हा डाळिंबी नाही, जरा तांबूस आहे’ असे म्हणतात, तो नेमकेपणा चित्रकाराने जपावा. पण नाव लिहून थांबू नये, त्या वस्तूकडे परत जावे. वांगी रंग म्हणजे जांभळा, असे आपण सहज म्हणून जातो. एक वांगे खिडकीपाशी ठेवून पाहा. देठाच्या हिरव्या टोपीची कड उचलली की तिच्याखाली ते फिके, जवळजवळ पांढरे आहे. तेथून खाली गुलाबीवरून जांभळ्याकडे जाते. पोटाशी इतके गर्द होते की त्यात तपकिरी की निळा हे सांगता येत नाही. आणि खिडकीचा उजेड त्यावर निळसर पांढऱ्या ठिपक्याने येऊन बसतो. एका नावाखाली चार-पाच चौकोन भरतात. असे एकदा केल्यावर ‘जांभळा’ हा शब्द पुन्हा तितक्या बेफिकिरीने वापरता येत नाही.

तीस दिवसांनी नव्वद चौकोन होतात. तेव्हा वही उघडून सलग पाहावी आणि कोणता रंग पुन्हा पुन्हा आला आहे ते शोधावे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत एक फिका, दुधाळ हिरवा अकरा वेळा आला होता. कधी बसच्या सीटवरून, कधी दवाखान्याच्या पडद्यावरून, कधी भिजवलेल्या मुगावरून तिने तो टिपला होता, आणि आपण एकच रंग गोळा करत आहोत हे तिच्या लक्षात आले नव्हते. वही पाहता पाहता तिला एकदम आठवले की तिची आई ज्या शाळेत शिकवत असे, तेथील भिंतींचा खालचा अर्धा भाग त्या रंगाच्या ऑइल पेंटने रंगवलेला होता, आणि शाळा सुटल्यावर आईचे काम संपेपर्यंत ती त्या गार भिंतीला गाल लावून उभी राहत असे. तिने ही आठवण शोधली नव्हती. रंगाने तिला तेथवर आणून सोडले. तिची पुढची सहा चित्रे त्या भिंतीची होती.

पायरी दुसरी: रंगाचा शेजार

रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसच्या गोब्लाँ या जुन्या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग पुरेसा काळा येत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने सूत तपासले, रंग तपासला, आणि दोष रंगात नसून काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा तसा भासतो, असे त्याच्या लक्षात आले. १८३९ मध्ये त्याने यावरचे आपले विवेचन प्रसिद्ध केले आणि पुढच्या पिढीतील फ्रेंच चित्रकारांनी ते मनावर घेतले.

हे घरी पाहता येते. एकाच करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक गर्द नारिंगी कागदावर ठेवा आणि दुसरा निळ्यावर. नारिंगीवरचा तुकडा निळसर दिसू लागेल, निळ्यावरचा किंचित उबदार दिसेल, आणि तुम्ही स्वतः कापलेले तुकडे असूनही ते एकाच कागदाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. पैठणी विणणाऱ्याला हे हाताने माहीत असते. हिरव्या अंगाला तांबडा काठ लागला की दोन्ही रंग आपापल्या जागी चढतात.

आठवणीतला रंग कागदावर उतरवताना ‘हा तो नाही’ असे वाटून आपण तोच चौकोन पुन्हा पुन्हा रंगवत बसतो, तेव्हा बहुतेक वेळा चूक त्या रंगात नसते, त्याचा शेजारी आठवलेला नसतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात वहीत एकेकटे चौकोन न करता जोड्या कराव्यात. भिंतीचा हिरवा आणि तिच्यापुढच्या बाकाचा तपकिरी; आबोलीचा गजरा आणि तो माळलेले पांढरे होत चाललेले केस. त्याच वेळी उजळपणाकडेही लक्ष द्यावे, कारण दोन रंग वेगळे असूनही सारखेच गर्द असतील तर लांबून ते एकमेकांत विरघळून जातात. डोळे बारीक करून पाहिले की हे लगेच कळते.

पायरी तिसरी: आठवणीला विचारायचे प्रश्न

आता एक आठवण निवडावी, आणि ती मोठी नसावी. लग्न, मृत्यू, परीक्षेचा निकाल यांच्या आठवणींवर घरातल्या सर्वांच्या सांगण्याचे थर चढलेले असतात. त्याऐवजी जिला गोष्ट म्हणता येणार नाही अशी, कोणालाही सांगावीशी न वाटलेली आठवण घ्यावी. वहीत पुन्हा पुन्हा आलेल्या रंगाने जी दाखवली असेल ती सर्वांत चांगली. डोळे मिटून पंधरा मिनिटे बसावे आणि तिला पुढील प्रश्न विचारावेत. उजेड कोणत्या बाजूने येत होता आणि कशातून गाळून येत होता? तुमचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर होते? पायाखाली काय होते: शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, की गादी? सर्वांत गर्द जागा कोणती होती? असा कोणता रंग होता जो त्या सगळ्या दृश्यात एकाच ठिकाणी होता? आणि शेवटी, काय आठवत नाही?

यांतला उंचीचा प्रश्न नवे लोक नेहमी सोडून देतात. आपण सहा वर्षांचे असतानाची आठवण प्रौढ माणसाच्या उंचीवरून रंगवतो, आणि मग ती खोटी वाटते. सहा वर्षांच्या मुलाला टेबलाचा पृष्ठभाग दिसत नाही, त्याची कड दिसते. त्याला मोठ्यांचे चेहरे खालून दिसतात आणि हातातल्या पिशव्या समोर दिसतात.

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांत दिसते. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. ते तान्हे असतानाच त्यांची आई गेली आणि तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांवर चित्रे काढायला सुरुवात केली तेव्हा पांढरी साडी, तिचे निळे काठ, मांडीवरचे मूल हे सगळे त्यांनी रंगवले आणि चेहऱ्याच्या जागी अंधार ठेवला. जे आठवत नाही ते कल्पनेने भरून काढण्याचा मोह आवरला, की ती रिकामी जागाच चित्रात बोलू लागते.

आठवणीला वेळही द्यावा लागतो. एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराची बहीण सोफी १८७७ मध्ये पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. आठ वर्षांनी त्याने आजारी मुलीचे चित्र हाती घेतले. सुमारे वर्षभर तो ते रंगवत, खरवडत, पुन्हा रंगवत राहिला, आणि तेवढ्यावर न थांबता पुढील चार दशकांत त्याने तेच चित्र आणखी पाच वेळा केले. आपण जे दिसते ते रंगवत नाही, जे दिसले होते ते रंगवतो, असे तो म्हणत असे. सय्यद हैदर रझा यांचे बालपण मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या जंगलात गेले. चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले होते. नागपूर, मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि १९५० पासून फ्रान्स असा प्रवास करून, तेथील निसर्ग वर्षानुवर्षे रंगवून झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर असताना तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्राच्या मध्यभागी आला आणि अखेरपर्यंत राहिला. तुमची आठवण पहिल्या बैठकीत उघडली नाही तर निराश होऊ नये, एवढ्यासाठी मी हे सांगतो आहे.

पायरी चौथी: भावनेचा रंग ठरवून ठेवू नये

तांबडा म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, अशी कोष्टके नवशिक्यांच्या हाती पडतात, आणि त्यांनी जेवढे नुकसान केले आहे तेवढे वाईट कागदानेही केलेले नाही असे माझे मत आहे. आपल्याच घरात पाहा. कुंकू तांबडे आहे, नव्या नवरीच्या हातावरची मेंदी तांबूस आहे. आणि केशवपन केलेल्या विधवेला जन्मभर नेसावे लागे ते आलवणही तांबडेच असे. ज्या मुलाने आपल्या पणजीला त्या आलवणात माजघराच्या कोपऱ्यात बसलेले पाहिले असेल, त्याच्यासाठी तो रंग सौभाग्याचा कसा असेल? रंगाला भावना आपल्या आयुष्यातून मिळते, आणि प्रत्येकाची मिळकत वेगळी असते.

शिवाय भावना एका रंगात राहत नाही, ती रंगांच्या भांडणात किंवा सलोख्यात राहते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ च्या सप्टेंबरात आर्ल गावातील रात्रभर उघड्या असणाऱ्या कॅफेचे चित्र रंगवले, तेव्हा माणसाचे भयंकर विकार आपण तांबड्या आणि हिरव्यातून मांडू पाहिले असे त्याने भाऊ थिओला लिहिले. रक्तासारख्या तांबड्या भिंती, मध्यभागी हिरवे बिलियर्डचे टेबल, वर पिवळे दिवे. त्या खोलीत बसवत नाही, ही भावना त्यांच्या एकमेकांना न सोसण्यातून येते. तोच तांबडा आणि हिरवा काठ-पदराच्या साडीत शेजारी आले की सणासारखे वाटतात, कारण तेथे त्यांचे प्रमाण, तेज आणि मधली जर वेगळी असते.

यासाठी एक सराव सांगतो. कागदावर सहा चौकोन आखावेत आणि प्रत्येकाला एक नेमकी भावना द्यावी. ‘दुःख’ किंवा ‘आनंद’ असे मोठे शब्द घेऊ नयेत. उशिरा येणाऱ्या माणसाची वाट पाहणे, चारचौघांत ओशाळणे, उन्हाळ्यातील दुपारी झोपेतून उठल्यावर वाटणारी हुरहुर, परगावी निघताना एसटी सुटायच्या आधीचे दोन क्षण, अशा भावना घ्याव्यात. प्रत्येक चौकोन पाच मिनिटांत, कोणताही ओळखू येणारा आकार न काढता भरावा. कोणता रंग घेऊ असे विचारण्याआधी ती भावना शरीरात कुठे जाणवते ते पाहावे. छातीवर जडपणा असेल तर हात आपोआप सावकाश चालतो आणि रंग दाट लागतो. धडधड असेल तर ब्रश अर्धवट कोरडाच कागदावरून फिरतो आणि खाली पांढरे राहते. कडा कशा हव्यात, ओल्यात पसरलेल्या की सुरीने कापल्यासारख्या, हा निर्णय रंगाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. झालेले चौकोन त्या दिवशी कोणाला दाखवू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाहावेत. ज्याच्याकडे पाहून पोटात थोडे हलेल तो ठेवावा.

एक गोष्ट जपून करावी. ताज्या दुःखाला लगेच कागदावर ओढू नये. जवळचे माणूस जाऊन थोडेच दिवस झाले असतील आणि बसल्यावर हात थरथरत असेल, तर उठावे, चहा घ्यावा आणि त्या दिवशी फक्त खिडकीतल्या आभाळाचा एक चौकोन करावा. चित्र थांबते, त्याला घाई नसते.

पायरी पाचवी: लहान रंगचित्रे

येथे मी माझेच उदाहरण देतो, कारण त्यात केलेल्या चुका मला नीट ठाऊक आहेत. कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीला पावसाळ्यात पूर्वी झापे, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधत. मी आठ वर्षांचा असेन तेव्हा त्यांच्या जागी निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आली. त्या पावसाळ्यात आजोबा आजारी होते आणि त्यांची खाट पडवीत होती. दिवसभर झड लागलेली असे आणि ताडपत्रीतून येणाऱ्या उजेडाने सगळी पडवी निळी होऊन जाई: सारवलेली जमीन, खाटेची सुंभाची वीण, आजोबांची पांढरी बंडी, माझे स्वतःचे हात. खाटेखाली पितळेचा तांब्या होता आणि तेवढाच पिवळा होता.

हे चित्र मी पहिल्यांदा केले तेव्हा घरातला त्यांचा फोटो पुढे ठेवला आणि आधी चेहरा काढला. चेहरा हुबेहूब आला. पडवी मात्र आली नाही, कारण फोटो कोणत्यातरी लग्नातला होता, उन्हातला होता, आणि त्या उन्हाची सावली त्यांच्या नाकाखाली तशीच राहिली होती. ते चित्र मी दोन वर्षे भिंतीकडे तोंड करून ठेवले.

दुसऱ्या वेळी मी पत्त्याच्या पानाएवढ्या सात लहान चौकटी एकाच बैठकीत केल्या, आणि तुम्हीही असेच करावे. प्रत्येक चौकटीला तीनच रंग, दहाच मिनिटे, आणि तपशील शून्य. पहिल्या तीन चौकटींत खाट मध्यभागी होती आणि त्या मेल्यासारख्या दिसत होत्या. चौथ्या चौकटीत मी स्वतःला उंचीचा प्रश्न विचारला. आठ वर्षांचा मुलगा खाटेशेजारी जमिनीवर बसला तर त्याला माणूस दिसत नाही. त्याला खाटेचा पाय, वीण, बाहेर आलेला एक हात आणि तांब्या दिसतो. पाचव्या चौकटीत चेहरा गेला. सहावीत निळ्याने कागदाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग व्यापला आणि पिवळा अंगठ्याच्या नखाएवढा राहिला, तेव्हा मला तो वास आला: ओल्या मातीचा आणि औषधी तेलाचा. सातवी चौकट मी केवळ खात्रीसाठी केली.

बंडीचा रंग सांगण्यासारखा आहे. ती पांढरी होती हे मला माहीत होते, आणि त्या माहितीनेच मला अडवले होते. मी तेथे कागद कोरा सोडत होतो आणि ती बंडी दिव्यासारखी पेटून उठत होती. खरे तर त्या उजेडात तिचा रंग आजूबाजूच्या निळ्यापेक्षा जेमतेम एक पायरी उजळ होता. अल्ट्रामरीनचा अगदी पातळ वॉश, त्यात बर्न्ट सिएनाचा एक थेंब, एवढ्याने ती बंडी झाली. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खाचांत बसतात आणि वाळल्यावर त्याचा दाणेदार पोत उमटतो. दमट हवेचा जो पोत मला ब्रशने काढता येत नव्हता, तो रंगाने आपण होऊन दिला. तांब्यासाठी यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना, सगळे वाळल्यानंतर, कोरड्या ब्रशने, एकदाच.

पायरी सहावी: मोठा कागद, आणि थांबणे

निवडलेली लहान चौकट मोठी करताना तिच्यातले प्रमाण मोजून घ्यावे, नाहीतर मोठ्या कागदावर जागा मोकळी दिसते आणि आपण तेथे एखादे झाड, एखादी कोंबडी बसवून देतो. आठवणीत नसलेली वस्तू चित्रात आली की सगळे चित्र सैल पडते. मोठ्या भागाचा रंग आधी लावावा, सर्वांत गर्द जागा त्यानंतर, आणि जो रंग एकाच ठिकाणी आहे तो सर्वांत शेवटी.

मग चित्र भिंतीला लावून निदान आठवडाभर पाहावे. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण करत. त्यांचा बराच वेळ पाहण्यात आणि विचारात जाई. बोनारने जानेवारी १९४७ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, आपल्या शेवटच्या, बहरलेल्या बदामाच्या झाडाच्या चित्रातला जमिनीचा एक हिरवा तुकडा चुकला आहे, तेथे पिवळा हवा, म्हणून भाच्याला हाताशी घेऊन तो बदलून घेतला होता. त्याला तेवढा तुकडा सलत होता, कारण बाकीचे सगळे बरोबर आले होते.

काही सुचेनासे झाले तर मूळ चित्रे पाहायला जावे. मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय आणि शक्य असेल तर अजिंठा. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दूरवरून आणलेला निळा एवढेच रंग होते. अमृता शेरगिल यांनी ती लेणी पाहिली आणि १९३७ मध्ये त्यांनी केलेल्या दक्षिण भारतातील माणसांच्या चित्रांत मातकट तांबड्याची आणि ठसठशीत, मोजक्या आकारांची जी ताकद आली, तिचे मूळ त्या भेटीत आहे. छापील पानावर किंवा पडद्यावर हे रंग कळत नाहीत. संग्रहालयात गेल्यावर सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. एका चित्रासमोर वीस मिनिटे उभे राहावे आणि त्यातले तीन रंग बाहेर आल्यावर वहीत करून पाहावेत.

प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख, वापरलेले रंग आणि कोणत्या चौकोनातून ते निघाले त्याचे पान लिहून ठेवावे. माझ्या पडवीच्या चित्रांच्या मागे आता तीन तारखा आहेत. तिसरे चित्र सध्या खिडकीसमोरच्या भिंतीला लावले आहे. निळा बसला आहे, बाहेर आलेला हात बसला आहे, पण तांब्याचा पिवळा अजून उन्हातला वाटतो. उद्या सकाळी त्यावर अल्ट्रामरीनचा पातळ हात देऊन बघणार आहे.